दाराबाहेरचा

एकतीस वर्षं मी दाराच्या या बाजूला.
हातात उपसलेली तलवार, तिला धार नाही.
पायाशी रॉकेलची शेगडी,
खालच्या दारूखान्यात कुणीतरी ग्लास फोडतं, हसतं.
आत माझे बंधू.
भिंतीला कान असतात म्हणतात;
या भिंतीचा कान म्हणजे मी.

तीन ठोके. दुसऱ्यानंतरचं अंतर
आमच्याकडे किंचित लांब.
पेन्झान्सला जा, तिथे सलग.
एकदा स्कॉटलंडचा पाहुणा आला,
म्हणाला, शेजारच्या लॉजशीसुद्धा आमचं जुळत नाही,
आणि हे त्यानं अशा तोऱ्यात सांगितलं
जसं कुणी आपल्याच विहिरीच्या पाण्याची चव सांगतो.
बारा कोसांवर भाषा बदलते, खरं आहे.
विधीला एक टेकडी पुरते.

पूर्वी म्हणे खानावळीच्या जमिनीवर
खडूनं आकृती काढायचे,
आणि सभा उठली की सगळ्यांत नवा बंधू
बादली-फडकं घेऊन ती पुसायचा.
मग कापड आलं, गुंडाळून ठेवायचं.
मग रंगवलेल्या फळ्या.
बादली गेली. पुसणं चालूच राहिलं.
सहा वर्षांपूर्वी शपथेतल्या जुन्या शिक्षा काढल्या,
गळ्याची, जिभेची, रीतसर ठराव करून.
त्या रात्री जिना उतरताना म्हातारा ट्रेगिअर म्हणाला,
'सगळं मिळमिळीत झालं,'
आणि गळ्याभोवतीचा मफलर घट्ट केला.

माझा आजा, जेबेझ पेन्गेली.
कथिलाची खाण बंद पडली तेव्हा
तांब्यासाठी जहाजानं मूंटाला गेला, ऑस्ट्रेलियात.
बरोबर एक पेटी, दोन हातोडे,
आणि पाठ केलेलं सगळं.
लिहायला मनाई. ओंजळीतून पाणी न्यावं
तसं त्यानं ते विषुववृत्तापलीकडे नेलं.
अकरा वर्षं तिथल्या पोरांना तोंडी शिकवलं
आणि छातीत दगडाची भुकटी घेऊन परतला.
मी सहा-सात वर्षांचा असेन.
चुलीपाशी बसून तो पुटपुटायचा.
'पूर्वेकडून' म्हणाला की
खोकला.
दर वेळी तिथंच.
आजी न बघता पाण्याचा पेला सरकवायची.

गेल्या मार्चमधला मंगळवार. बाहेर गारा.
जिना चढून क्लेम हाइनरिख आला, मूंटाचा,
गव्हाचा शेतकरी, बुटांवर विमानतळाची धूळ.
ओळख पटवणं माझं काम.
हाताची पकड बरोबर.
पाऊल उजवं टाकलं, जिथं आमचं डावं.
असो, म्हटलं, म्हणून दाखव.
तो म्हणू लागला, सावकाश, डोळे मिटून,
शब्द बरेचसे आमचेच, उच्चार उन्हात वाळलेले.
'पूर्वेकडून' म्हणाला
आणि थांबला.
मान खाली. मनात चार आकडे मोजल्यासारखं.
मग पुढे.

'इथं का थांबलास?'
'आमच्याकडे असंच असतं,' तो म्हणाला.
'समुद्रात गेलेल्या बंधूंसाठी.
आता तर पुस्तकात छापलंय.
माझे वडील सांगायचे,
सगळ्यात ही जागा सांभाळ.'

शेगडीचा वास होता. तलवारीची मूठ गार.
त्याच्या चेहऱ्याकडे बघून
मला काही सांगवेना.
खोटं तरी काय होतं त्यात?
समुद्रात गेलेले होतेच की.
आणि तो एक, जो समुद्रावरून परत आला
आणि अंथरुणात बुडाला.
मी पाण्याच्या तांब्याकडे बघितलं फक्त,
कोपऱ्यात, स्टुलावर, पाहुण्यांसाठी ठेवलेला.

मग दाराकडे वळलो.
एक.
दोन.
आणि त्या लांब अंतरात, एकतीस वर्षांत पहिल्यांदा,
वाटलं: हे कुणाचं?
कुणाचे सांधे धरले होते त्या थंडीत,
कुणाचा हात दुसऱ्या ठोक्यानंतर
वर उचलत नव्हता?

तीन.